षड्ज, पंचम आणि सहाशे वर्षं: जुन्या वाद्यांवरचं मिनिमल संगीत

एस्टोनियाची राजधानी टॅलिन, २७ ऑक्टोबर १९७६. देश तेव्हा सोव्हिएत संघात होता. शहरातल्या ‘एस्टोनिया’ सभागृहात ‘हॉर्टस म्युझिकस’ या तरुण वादकांच्या मेळ्याची मैफल होती. एरवी हा मेळा मध्ययुगातलं आणि प्रबोधनकाळातलं संगीत वाजवायचा, तेही त्या काळच्या घडणीच्या वाद्यांवर. त्या संध्याकाळी मात्र त्यांनी आपल्याच शहरातल्या एका जिवंत रचनाकाराच्या नव्या कोऱ्या रचना सादर केल्या. रचनाकाराचं नाव आर्वो पॅर्ट. मोजके स्वर, भरपूर शांतता आणि ठरलेल्या नियमाने पुढे सरकणाऱ्या साध्या चाली असं त्या संगीताचं रूप होतं.

पंधराव्या शतकाची वाद्यं आणि विसाव्या शतकाचं मिनिमल संगीत यांचा मेळ तेव्हापासून वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या हातांनी घातला गेला आहे. वरवर पाहता ही चमकदार कल्पना वाटते, जुन्या बाटलीत नवं पेय ओतल्यासारखी. प्रत्यक्षात या दोन संगीतांची हाडं सारखी आहेत. ती कशी, हे पायरीपायरीने पाहू.

दोन काळांची ओळख

युरोपीय संगीतात प्रबोधनकाळ, म्हणजेच रेनेसाँ, साधारण १४२० ते १६०० असा धरतात. त्याच्या सुरुवातीच्या पिढीत इंग्लंडचा जॉन डनस्टेबल, बर्गंडीच्या दरबारातला जिल बँश्वा आणि कांब्रे शहरात वाढलेला ग्योम द्युफाई ही ठळक नावं. त्यांच्या मागून योहानेस ओकेगेम आणि मग जोस्कँ दे प्रे. हे संगीत बहुस्वनी आहे. आपल्याकडे एक गायक राग उलगडतो आणि साथीची वाद्यं त्याला धरून चालतात. इथे तीन-चार गळे एकाच वेळी तीन-चार वेगळ्या चाली गातात, आणि कुठलीही चाल दुसरीची साथसंगत नसते. सगळ्या मानाने सारख्या.

मिनिमल संगीताचा उगम १९६०च्या दशकातल्या अमेरिकेत झाला. ला माँट यंग, टेरी रायली, स्टीव्ह राइक आणि फिलिप ग्लास हे त्याचे चार आधारस्तंभ. थोडे स्वर, अखंड ठेका, छोट्या तुकड्याची पुनरावृत्ती आणि अगदी सावकाश होणारा बदल ही त्याची लक्षणं. रायलीच्या १९६४च्या ‘इन सी’ या रचनेत फक्त ५३ छोटे तुकडे आहेत. प्रत्येक वादकापुढे तोच एक कागद असतो. प्रत्येक तुकडा किती वेळा वाजवायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं, पण एकमेकांपासून फार लांब जायचं नाही. राइकच्या १९६७च्या ‘पियानो फेज’मध्ये दोघे जण १२ स्वरांची एकच सुरावट वाजवतात. त्यातला एक हळूच किंचित पुढे सरकतो, आणि त्या निसटण्यातूनच सगळं संगीत उमलतं.

आकड्यांवर उभारलेली इमारत

दोन्ही संगीतांचं पहिलं साम्य हिशोबात आहे.

२५ मार्च १४३६ रोजी फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलचा अभिषेक पोप चौथा युजीन याच्या हस्ते झाला. वास्तुकार ब्रुनेलेस्कीचा तो प्रचंड घुमट तेव्हा पूर्णत्वाला येत होता. त्या सोहळ्यासाठी द्युफाईने ‘नुपेर रोझारुम फ्लोरेस’ ही रचना केली. तिच्या तळाशी दोन मंद्र आवाज एक जुनं चर्चगीत धरून चालतात, आणि ते गीत चार वेळा येतं. स्वर तेच, पण चारही वेळा त्यांची लांबी वेगळी, ६ : ४ : २ : ३ या प्रमाणात. हे प्रमाण कुठून आलं यावर अभ्यासकांचा वाद आहे. १९७३ मध्ये चार्ल्स वॉरन यांनी ते कॅथेड्रलच्या मोजमापांशी जोडलं, तर १९९४ मध्ये क्रेग राइट यांनी बायबलमधल्या सॉलोमनच्या मंदिराच्या मापांशी. उत्तर कोणतंही असो, द्युफाईने आधी मोजपट्टी धरली आणि मग चाल लिहिली, एवढं स्पष्ट आहे.

ओकेगेम आणखी पुढे गेला. त्याच्या ‘मिसा प्रोलातियोनुम’मध्ये (मिसा म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीसाठीची रचना) कागदावर दोनच चाली लिहिलेल्या दिसतात, पण गातात चौघे. एकाच लिखित ओळीतून दोन गायक दोन वेगळ्या कालमापांनी गातात, त्यामुळे एकाचे स्वर दुसऱ्यापेक्षा लांबतात आणि एका चालीच्या दोन होतात. आपल्याकडच्या दुगुन-चौगुनीशी हे अगदी जवळचं आहे. फरक एवढाच की आपण ठाय आणि दुगुन एकामागून एक घेतो, ओकेगेम त्या एकाच वेळी लावतो.

मिनिमल रचनाकारही हेच करतो. एक नियम ठरवायचा, तो सुरू करायचा आणि त्याला चालू द्यायचं. रचनाकाराचा लहरी हात मधे येत नाही. ऐकणाऱ्याला मिळते ती शांती यातूनच येते.

ध प म रे ग

जोस्कँची एक गंमत मराठी वाचकाला घरबसल्या गाऊन पाहता येईल. त्याच्या एका मिसेचं नावच ‘ला सोल फा रे मी’. आपल्या सरगमीत ते स्वर होतात ध प म रे ग. पेटीवर वाजवून बघा. उतरत जाऊन शेवटी अर्धवट वर वळणारी, संपल्यासारखी न वाटणारी अशी ही सुरावट आहे. अख्खी मिसा या पाच स्वरांभोवती विणलेली आहे, आणि सुरावट तीत दोनशेहून अधिक वेळा येते. कधी लांब स्वरांत, कधी भरभर, कधी वरच्या आवाजात, कधी खालच्या.

तिच्यामागची कथा ग्लारेआनुस या विद्वानाने १५४७ मध्ये नोंदवली आहे. कुणी बडा आसामी जोस्कँला दर वेळी ‘माझ्यावर सोपव’ असं सांगून टाळायचा. इटालियनमध्ये ‘लाशा फारे मी’. त्या बोलाचेच स्वर करून जोस्कँने त्याला ऐकवले. व्हेनिसच्या पेत्रुची या मुद्रकाने १५०२ मध्ये छापलेल्या जोस्कँच्या पुस्तकात ही मिसा आहे.

पाच स्वरांचा तुकडा दोनशे वेळा येऊनही कान कंटाळत नाही, कारण दर वेळी त्याच्या आजूबाजूचं जग बदललेलं असतं. राइक किंवा ग्लास ऐकताना हाच अनुभव येतो. तुकडा जागेवरच असतो, आपण त्याच्याभोवती फिरून येतो.

जुनी वाद्यं म्हणजे नेमकी कोणती

अशा मेळ्यांत दिसणारी मुख्य वाद्यं अशी:

व्हायोल, म्हणजेच व्हिओला दा गांबा. हे गुडघ्यांमध्ये उभं धरून गजाने वाजवतात, गज धरताना तळवा वरच्या बाजूला असतो. सहा तारा, त्या आतड्याच्या. मानेवर पडदे असतात, पण धातूचे ठोकलेले नव्हे, आतड्याचेच बांधलेले. आपल्या सितारीच्या पडद्यांसारखे तेही सरकवता येतात. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

शॉम. दुहेरी पत्तीचं, शंकूसारखं उघडत जाणारं सुषिर वाद्य, आपल्या सनईच्या कुळातलंच. पश्चिम आशियातून ते युरोपात पोचलं. आवाज मोकळ्या मैदानासाठीचा, खणखणीत.

क्रुमहॉर्न. टोकाला छत्रीच्या मुठीसारखं वळलेलं. याचीही पत्ती दुहेरी, पण ती लाकडी टोपणाखाली झाकलेली असते. वादकाचे ओठ पत्तीला लागतच नाहीत, त्यामुळे आवाज फारसा कमी-जास्त करता येत नाही. मधमाश्यांच्या गुणगुणीसारखा एकसारखा नाद, आणि जेमतेम एका सप्तकाला वर एखादा स्वर इतकाच पल्ला.

सॅकबट, म्हणजे आजच्या ट्रॉम्बोनचा पूर्वज. कर्ण्याचं तोंड अरुंद, त्यामुळे आवाज मऊ, माणसाच्या गळ्यात मिसळणारा. रेबेक, पेअरच्या आकाराचं छोटं गजवाद्य. आणि रेकॉर्डर नावाची सरळ धरायची लाकडी बासरी, जी लहानमोठ्या आकारांत येते, म्हणून अख्खा मेळा फक्त रेकॉर्डरचा असू शकतो.

यातली बहुतेक वाद्यं सतराव्या-अठराव्या शतकात वापरातून गेली. विसाव्या शतकात चित्रं, जुने ग्रंथ आणि संग्रहालयातले नमुने पाहून कारागिरांनी ती पुन्हा घडवली. १९६७ मध्ये लंडनमध्ये ‘अर्ली म्युझिक कन्सॉर्ट’ उभा करणाऱ्या डेव्हिड मन्रो यांच्यासारख्या वादकांनी ती घराघरांत पोचवली.

ही वाद्यं मिनिमल संगीताला का मानवतात

मोठ्या सिंफनी ऑर्केस्ट्राची वाद्यं एकोणिसाव्या शतकात एका विशिष्ट कामासाठी सुधारली गेली. आवाज मोठा हवा, तो हळूहळू चढवता आला पाहिजे, स्वर थरथरता आला पाहिजे, सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत भावना पोचली पाहिजे. मिनिमल संगीताला यातलं बहुतेक नको असतं. त्याला हवा असतो सरळ, स्वच्छ, न थरथरणारा स्वर. एका तुकड्याची शंभर आवर्तनं व्हायची असतील आणि प्रत्येक आवर्तनात वादकाने भावनेचा वेगळा हेलकावा दिला, तर आतली बारीक हालचाल झाकून जाते.

क्रुमहॉर्नची मर्यादा इथे गुण ठरते. आवाज चढवता येत नाही, म्हणून ऐकणाऱ्याचं लक्ष स्वर कुठून कुठे गेला याकडेच राहतं. शिवाय प्रत्येक वाद्याचा नाद वेगळा आणि किंचित खरखरीत असल्याने चार चाली एकमेकींत विरघळून जात नाहीत. चार रंगांच्या दोऱ्यांची वीण जशी डोळ्यांना दिसते, तशी ती कानांना ऐकू येते.

लयीचंही तसंच. त्या काळी संचालक काठी घेऊन समोर उभा राहत नसे. हात खाली-वर करून एकसारखा ठोका दाखवत, त्याला ‘टाक्टुस’ म्हणत. इटलीच्या गाफुरियुस या सिद्धांतकाराने १४९६ मध्ये लिहिलं की हा ठोका शांतपणे श्वास घेणाऱ्या माणसाच्या नाडीइतका असावा. राइकच्या ‘म्युझिक फॉर एटीन म्युझिशियन्स’ची पहिली मैफल २४ एप्रिल १९७६ रोजी न्यूयॉर्कला झाली. तीत संचालक नाही. काही वादक क्लॅरिनेटवर आणि गळ्याने एकच स्वर धडधडवत राहतात, एक श्वास पुरेल तेवढाच वेळ. माणसाच्या शरीराने मोजलेली लय दोन्हीकडे आहे.

आणि कागद? पंधराव्या शतकात प्रत्येक गायकाची ओळ वेगळी लिहिलेली असे, सगळ्या ओळी एकाखाली एक जुळवून मांडलेला कागद नसे. त्यामुळे प्रत्येकाला कान उघडे ठेवून दुसऱ्याचं ऐकतच गावं लागे. ‘इन सी’ वाजवणाऱ्यांनाही हेच करावं लागतं.

सूर जुळवण्याचा प्रश्न

या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट सुरांच्या जुळवणीत आहे.

मध्ययुगात गांधार ८१ : ६४ या प्रमाणाचा मानत, म्हणजे बराच चढा. त्यामुळे तो विसाव्याचा स्वर नव्हता. विसावा षड्ज-पंचमावर. डनस्टेबलच्या पिढीतल्या इंग्रज रचनाकारांनी षड्ज-गांधाराच्या जोड्या मुक्त हाताने वापरल्या आणि सगळ्या युरोपाला त्या गोडव्याची ओढ लागली. पण चढा गांधार पुन्हा पुन्हा कानावर येऊ लागला की खुपतो. म्हणून हळूहळू जुळवणीच बदलली, आणि गांधार ५ : ४ या शुद्ध प्रमाणाकडे सरकला. त्यासाठी पंचम किंचित उतरवण्याची रीत पिएत्रो आरोन या सिद्धांतकाराने १५२३ मध्ये लिहून ठेवली.

हा ५ : ४ चा गांधार आपल्या ओळखीचा आहे. तानपुरा उत्तम लागला की तारांवर न छेडलेला गांधार आपोआप ऐकू येतो, त्याला आपण स्वयंभू गांधार म्हणतो. हा तोच. आजच्या पियानोवरचा किंवा पेटीवरचा गांधार त्याच्यापेक्षा चढा असतो. भराभर बदलणाऱ्या संगीतात ते खपून जातं. पण एकच सूर मिनिटभर धरून ठेवायचा असेल तर खपत नाही, स्वरांच्या घर्षणातून लहरी उठत राहतात.

म्हणून मिनिमल संगीतासाठी व्हायोल हे आदर्श वाद्य आहे. पडदा केसभर सरकवला की गांधार जागेवर बसतो, आणि मग चार व्हायोल एकत्र धरलेला सूर हलत नाही. तो स्थिरपणा ऐकूनच कळतो.

टॅलिनमधली गोष्ट

आर्वो पॅर्ट यांचा जन्म ११ सप्टेंबर १९३५ चा, एस्टोनियातल्या पाइदे गावचा. तरुणपणी ते त्या वेळच्या आधुनिक, कर्कश शैलीत लिहीत. १९६८ मध्ये त्यांची ‘क्रेडो’ ही रचना सादर झाली. तिच्यातल्या उघड ख्रिस्ती श्रद्धेमुळे सोव्हिएत अधिकाऱ्यांची खप्पामर्जी झाली. पण पॅर्टच्या आतली अडचण त्याहून खोल होती. आधीच्या भाषेत पुढे काही म्हणावंसंच वाटेना. त्यानंतरची सुमारे आठ वर्षं त्यांनी फार थोडं लिहिलं. त्या काळात ते जुनी ग्रेगोरियन चर्चगीतं, पॅरिसच्या नोत्र दामचे बाराव्या शतकातले रचनाकार, माशो, ओकेगेम आणि जोस्कँ यांचा अभ्यास करत राहिले.

त्याच सुमारास, १९७२ मध्ये, आंद्रेस मुस्तोनेन या विद्यार्थी व्हायोलिनवादकाने टॅलिनमध्ये ‘हॉर्टस म्युझिकस’ सुरू केला होता. पॅर्टना ज्या नादाचा शोध होता, तो वाजवणारी माणसं त्याच शहरात तयार होत होती.

१९७६ मध्ये पॅर्टना वाट सापडली. तिला त्यांनी ‘टिंटिनाबुली’ नाव दिलं, लॅटिनमध्ये छोट्या घंटा. नियम इतका सोपा की गाणं शिकणाऱ्या मुलांनाही करून पाहता येईल. दोन आवाज घ्या. पहिला आवाज एकेक स्वर पायरीने चढतो: सा रे ग म प ध नि. दुसऱ्याला फक्त सा, ग आणि प या तीन स्वरांचीच मुभा. पहिला ज्या स्वरावर असेल त्याच्या लगेच वरचा आपला स्वर दुसऱ्याने लावायचा. पहिल्याच्या ‘सा’वर दुसऱ्याचा ‘ग’. ‘रे’वरही ‘ग’. ‘ग’वर ‘प’, ‘म’वरही ‘प’. मग ‘प’, ‘ध’ आणि ‘नि’ या तिघांवरही तार ‘सा’. ‘रे’ आणि ‘ग’ एकत्र आले की दोन्ही स्वर एकमेकांना घासतात, पुढच्याच क्षणी ‘ग’ आणि ‘प’ भेटतात आणि सगळं निवळतं. एकही स्वर मनाने निवडलेला नाही, तरी ऐकताना काळजाला हात लागतो. पॅर्ट यांच्या पत्नी नोरा यांनी हे सूत्र ‘१ + १ = १’ असं सांगितलं आहे.

१९७७ची ‘फ्रात्रेस’ ही रचना पॅर्टनी ‘हॉर्टस म्युझिकस’साठी लिहिली, आणि कोणत्या वाद्यावर वाजवायची हे ठरवलंच नाही. तळाशी तानपुऱ्यासारखा षड्ज-पंचम अखंड चालू असतो. त्यावर तीन आवाजांची एक सुरावट पुन्हा पुन्हा येते, दर वेळी थोड्या खालच्या स्वरापासून. मधे तालाचे काही संथ ठोके. त्याच वर्षीची ‘आर्बोस’ सात रेकॉर्डर आणि तीन ट्रँगल यांच्यासाठी आहे. एकच चाल तिथे तीन वेगांनी एकत्र चालते. आर्बोस म्हणजे झाड. ओकेगेमचंच तंत्र, पाचशे वर्षांनी.

या तंत्राचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मात्र आधुनिक तंतुवाद्यांसाठी आहे: बेंजामिन ब्रिटन या इंग्रज रचनाकाराच्या निधनानंतर १९७७ मध्ये लिहिलेला ‘कॅन्टस’. एक घंटा, आणि आपल्या आसावरी थाटाचे स्वर. तार षड्जावरून निघायचं: सा, मग सा नि, मग सा नि ध, मग सा नि ध प. दर फेरीत एक स्वर जास्त उतरायचं. व्हायोलिन सुरुवात करतात. मागचा आवाज एक सप्तक खाली आणि निम्म्या वेगाने, त्यामागचा आणखी निम्म्या. असे पाच थर. सर्वांत खालचे डबल बास पहिल्या व्हायोलिनच्या सोळापट संथ असतात. सगळे शेवटी आपापल्या मुक्कामावर थांबतात आणि घंटेचा नाद तेवढा उरतो.

लंडनचा रस्ता

टॅलिनच्या त्या मैफलीच्याच साली, १९७६ मध्ये, लंडनमध्ये वेगळाच प्रयोग झाला. मायकेल नायमन मूळचे जुन्या संगीताचे अभ्यासक, पर्सेल या जुन्या इंग्रज रचनाकाराच्या रचनांचे संपादक. नव्या संगीताला ‘मिनिमल’ हा शब्द त्यांनी १९६८ मध्ये एका समीक्षेत लावला होता. नॅशनल थिएटरमध्ये गोल्दोनीच्या ‘इल कॅम्पिएलो’ या व्हेनिसमधल्या नाटकासाठी त्यांच्याकडून जुन्या व्हेनेशियन गाण्यांचं संगीत करून घेण्यात आलं. नायमननी रेबेक, सॅकबट, शॉम आणि त्यांच्या शेजारी बास ड्रम व सॅक्सोफोन असा मेळ जमवला. ध्वनिवर्धकाशिवाय शक्य तितका मोठा आवाज त्यांना हवा होता. टॅलिनच्या शांततेच्या अगदी उलट. त्या मेळ्यातूनच पुढे ‘मायकेल नायमन बँड’ जन्मला. कालांतराने त्यातली जुनी वाद्यं मागे पडली, पण जुन्या रचनेचा तुकडा उचलून त्याची आवर्तनं करण्याची सवय कायम राहिली.

१९८०च्या दशकाच्या मध्यात लंडनमध्ये ‘फ्रेटवर्क’ हा व्हायोलवादकांचा मेळा सुरू झाला. १९९२ मध्ये नायमननी त्यांच्यासाठी आणि जेम्स बोमन या उंच पट्टीच्या पुरुष गायकासाठी सुमेरियन देवी इनान्नाच्या स्तोत्रावर रचना केली. गॅव्हिन ब्रायर्स यांची ‘कॅडमन रेक्विएम’ अधिक जिव्हाळ्याची आहे. २१ डिसेंबर १९८८ रोजी स्कॉटलंडमधल्या लॉकर्बी गावावर विमान कोसळून, विमानातले आणि गावातले मिळून, २७० जीव गेले. त्यात ब्रायर्सचे मित्र आणि ध्वनितंत्रज्ञ बिल कॅडमन होते. ही रचना प्रबोधनकालीन संगीतासाठी गाजलेल्या ‘हिलियर्ड एन्सेंबल’च्या गळ्यांसाठी, मंद्र तंतुवाद्यांच्या साथीने लिहिली गेली. पुढे ब्रायर्सनी ती व्हायोलसाठी बसवली आणि ‘फ्रेटवर्क’ने ती ध्वनिमुद्रित केली. आतड्याच्या तारांचा तो धूसर, कमी आवाजाचा नाद शोकाला शोभतो.

आपल्याकडचा धागा

या गोष्टीत मिरजेचाही एक पदर आहे. ला माँट यंग आणि टेरी रायली हे दोघे १९७० पासून पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले. प्राणनाथ किराणा घराण्याचे, उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचे शागीर्द. याच घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेला स्थायिक झाले आणि तिथून महाराष्ट्रभर किराण्याची सुरेल गायकी पसरली. एकेका स्वराला वेळ देणं, तो तानपुऱ्यात विरघळेपर्यंत थांबणं हा किराण्याचा बाणा. यंग यांना नोत्र दामच्या बाराव्या शतकातल्या पेरोतँ या रचनाकाराच्या लांबवलेल्या सुरांची ओढ होतीच, प्राणनाथांकडे त्यांना तोच ध्यास जिवंत भेटला. फिलिप ग्लास यांनी तर १९६०च्या दशकात पॅरिसमध्ये पंडित रविशंकरांसोबत एका चित्रपटाच्या संगीताचं काम केलं, आणि आवर्तनांवर लय रचण्याची दृष्टी त्यांना तिथे मिळाली.

गोव्याचा धागा त्याहून जुना. पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकातच बहुस्वनी चर्चसंगीत गोव्यात उतरलं. चर्चच्या शाळांत मुलं नोटेशन वाचून गायला शिकू लागली, आणि ‘मेस्त’ म्हणजे संगीतशिक्षक गावोगावच्या चर्चचा भाग झाला.

जिथे सांधा दिसतो

साम्य इतकं असलं तरी दोन संगीतं एक नव्हेत. टिंक्टोरिस या सिद्धांतकाराने १४७७ मध्ये रचनेचे आठ नियम दिले. त्यात वैविध्यावर मोठा भर आहे, आणि तेच ते पुन्हा करण्याला विरोध. मिनिमल रचनाकार बरोबर उलट बाजूने निघतो.

दुसरा फरक आणखी मूलभूत. द्युफाईचं ६ : ४ : २ : ३ बसल्या जागी ऐकून कुणाला कळणार नाही. ते ऐकणाऱ्यासाठी नव्हतंच, देवासाठी होतं. राइक यांनी मात्र १९६८च्या आपल्या निबंधात आग्रह धरला की रचनेची प्रक्रिया ऐकणाऱ्याला स्पष्ट ऐकू आली पाहिजे. एकाने नियम पायात पुरला, दुसऱ्याने तो दर्शनी भिंतीवर कोरला.

हा फरक विसरला की मिश्रण फसतं. जुन्या गाण्याचा मुखडा घ्यायचा, खाली एकसुरी ठेका लावायचा, वर क्रुमहॉर्नची गुणगुण ठेवायची, असं संगीत काही मिनिटं कानाला बरं वाटतं आणि विसरलं जातं. तिथे जुनी वाद्यं फक्त पोशाख असतात. खरा मेळ रीत उचलल्याने साधतो, चाल उचलल्याने नाही. ‘आर्बोस’मध्ये जुनी एकही चाल नाही, तरी ती ओकेगेमच्या घरातली वाटते. राइक यांच्या १९९५च्या ‘प्रोव्हर्ब’मध्ये व्हायब्राफोन आणि इलेक्ट्रिक ऑर्गन आहेत, जुनं वाद्य एकही नाही. तरी पेरोतँला केलेला तो खरा नमस्कार आहे.

कुठून सुरुवात करावी

ऐकण्याचा क्रम असा ठेवा. आधी द्युफाईचं ‘नुपेर रोझारुम फ्लोरेस’. मग जोस्कँची ‘ला सोल फा रे मी’, ध प म रे ग गुणगुणत. त्यानंतर पॅर्टची ‘आर्बोस’ रेकॉर्डरवर आणि ‘फ्रात्रेस’ जुन्या वाद्यांवर. शेवटी ‘कॅडमन रेक्विएम’ व्हायोलसह.

आणि एक गोष्ट नक्की करा. घरात तानपुरा लावा, मोबाइलवरचाही चालेल. एकाने सावकाश सा रे ग म प ध नि सा म्हणावं, दुसऱ्याने फक्त सा, ग, प मधला लगेच वरचा स्वर लावावा. पाच मिनिटं थांबू नका.